आऊट काढून मिळेल

चाकाचा शोध कुणी लावला हे इतिहासाला ठाऊक नाही. तो पुण्यात लागला नसावा, एवढं मात्र छातीठोकपणे सांगता येतं. पुण्यात लागला असता तर शोध लावणाऱ्याचं नाव, त्याची पेठ, त्याच्याआधी हाच शोध आपल्या आजोबांनी लावल्याचा दावा करणाऱ्याचं नाव आणि दोघांच्या वारसांमधला पत्रव्यवहार, हे सगळं आज उपलब्ध असतं. पुण्यानं चाक शोधलं नाही. पण आयतं मिळालेलं चाक फिरवलं मात्र मनसोक्त. एके काळी या गावाला सायकलींचं शहर म्हणत. आता सायकली कमी झाल्या आणि आमची पिढी कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात जाऊन जुन्या ओळखीच्या सायकलींना भेटून येते. नातेवाइकांना वृद्धाश्रमात भेटावं तशी.

त्यामुळे भाचा एका रविवारी घरी येऊन "मामा, मला चाकं बांधून घ्यायची आहेत" म्हणाला तेव्हा मला आनंदच झाला. त्याच्या पायाला चाकं आहेत असं ताई तो दोन वर्षांचा असल्यापासून सांगत आली आहे. शिवाय 'बांधून घेणे' हा शब्दप्रयोग मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. पूर्वी माणसं घर बांधून घेत, दाताची कवळी बांधून घेत, पुस्तकं बांधून घेत. आता सगळं तयार मिळतं. म्हटलं, पोरगा वळणावर आला.

"कुठल्या सायकलची?" मी विचारलं.

"डाउनहिलची."

डाउनहिल हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सायकल जीपमध्ये घालून डोंगरावर न्यायची, आणि मग दगड, मुरूम, झाडांची मुळं, ओढ्याची घळ असा जो काही मार्ग देवानं माणसासाठी केलेला नाही, त्या मार्गानं सायकलीवरून खाली यायचं. बसून नाही, उभं राहून. सायकलीला बसायची जागा असते, पण ती सीट पोस्टातल्या शाईच्या दौतीसारखी, असावी म्हणून असते.

यात पराक्रम काय, असा माझा पहिला प्रश्न होता. खाली काय, दगडही येतो. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब आहे. तो बोरघाट सगळ्यांत आधी चढून येणाऱ्याला मिळतो. उतरणाऱ्याला आपण राजा म्हणत नाही. फार तर 'सांभाळून' म्हणतो.

पण भाच्यानं मला या खेळाचा इतिहास सांगितला आणि माझं मत जरा डळमळलं. कॅलिफोर्नियात मरिन परगण्यातल्या फेअरफॅक्स गावाजवळ एक डोंगरवाट आहे. तिथे २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही पोरांनी उताराची पहिली शर्यत लावली. सायकली कसल्या, तर जाड टायरांच्या, तीसचाळीस वर्षांपूर्वीच्या, भंगारातून आणलेल्या. त्यांना पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक होता. उतरताना तो ब्रेक इतका तापे की आतलं वंगण जळून धूर निघे आणि खाली पोचल्यावर हब उघडून वंगण पुन्हा भरावं लागे. म्हणून त्या वाटेचं नावच 'रीपॅक' पडलं. या धुरातून पुढे १९९० साली कोलोरॅडोमधल्या दुरँगोला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा निघाली.

आता १९७६ च्या आसपास आम्हीही चतुःशृंगीच्या उतारावरून ब्रेक नसलेल्या भाड्याच्या सायकली आणत होतो. चपलेचा तळवा टायरला लावला की सायकल थांबे. धूर आमचाही निघे. पण आम्ही त्याला खेळ म्हटलं नाही, चांभाराचा खर्च म्हटलं. दुरँगोला कोण जाणार, आणि पुण्याला कोण राहणार, हे अशा ठिकाणी ठरतं.

असो. चाकं बांधायची तर आधी रिम निवडायची. मला वाटलं, जाऊ आणि एक गोल रिम घेऊन येऊ. भाच्यानं कागद काढला. रिम किती इंची, आतून किती रुंद, भोकं किती, धातू कोणता. मुलगी पाहायला जाताना इतकी माहिती मागवली असती तर मुलीकडच्यांनी दार लावून घेतलं असतं.

इंचांपासूनच घोटाळा. भाच्याला पुढे एकोणतीस इंची आणि मागे साडेसत्तावीस इंची चाक हवं होतं. मोठं चाक धोंड्यावर सहज चढतं आणि लहान चाक वळणात लवकर वळतं. शिवाय तीव्र उतारावर माणूस मागे सरकतो, तेव्हा मागचं चाक लहान असेल तर पाटलोण शाबूत राहते. हे तर्कशास्त्र मला पटलं. एकोणतीस म्हणजे आपल्या जुन्या अठ्ठावीस इंचीपेक्षा एक इंच मोठं, असं मी म्हणालो, तर त्यानं मोजपट्टीच काढली. माझ्या काळ्या सायकलीच्या अठ्ठावीस इंची चाकाची रिम टायर बसतो त्या जागी ६३५ मिलिमीटर भरते. एकोणतीस इंचीची भरते ६२२. म्हणजे एकोणतीसची रिम अठ्ठावीसपेक्षा तेरा मिलिमीटरनं लहान! आकडा रिमचा नसतोच. टायरसकट बाहेरून जे माप होतं त्याचा तो अंदाज असतो. टायर गलेलठ्ठ, म्हणून चाक एकोणतीस. माणसाची उंची फेट्यासकट मोजावी, तसं.

दुसरा वाद ॲल्युमिनियम की कार्बन. कार्बनची रिम हलकी, ताठ आणि किमतीनं अशी की दोन चाकांच्या पैशांत सेकंडहँड स्कूटर आली असती, हेल्मेटसकट. भाच्याच्या मनात कार्बन होतं. पहिल्या बोनसचे पैसे खिशात असले की माणसाच्या मनात कार्बनच येतं. मी म्हटलं, "आपण मिस्त्रींना विचारू."

मिस्त्रींचं दुकान सदाशिव पेठेत, एका जिन्याखाली आहे. दुकानात मिस्त्री आत असले तर गिऱ्हाईक बाहेर असतं आणि गिऱ्हाईक आत आलं तर सायकल बाहेर. वर पाटी: 'पंक्चर. ओव्हरऑइल. आऊट काढून मिळेल. हवा स्वतः मारावी. पंप जागेवर ठेवावा. पंपाबद्दल तक्रार करू नये.' गेल्या चाळीस वर्षांत या पाटीत फक्त भाडं वाढलं, म्हणजे तिच्यावरची 'तासाने भाड्याने मिळेल' ही ओळ खोडली गेली.

'आऊट काढणे' हे काय, हे हल्लीच्या मोटारवाल्यांना सांगावं लागेल. चाक फिरताना डावी-उजवीकडे डुलायला लागलं की ते आऊट झालं. वर-खाली व्हायला लागलं की ते 'उडतंय'. मग मिस्त्री ते एका जुन्या सायकलीच्या उलट्या फोर्कमध्ये अडकवतात, खडूचा तुकडा रिमपाशी धरतात, चाकाला टिचकी मारतात आणि जिथे खडू लागेल तिथल्या निपलला पाव आटा पिळतात. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. बँकेच्या लॉकरची किल्ली फिरवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असते तेवढी गंभीरता त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर असते.

भाच्यानं कार्बन आणि ॲल्युमिनियमचं सगळं पुराण मिस्त्रींपुढे मांडलं. मिस्त्रींनी कार्बन म्हणजे कोळसा एवढाच अर्थ आधी घेतला असावा, पण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "धोंड्यावर आपटलं तर काय होतं?"

"ॲल्युमिनियमला पोचा येतो. कार्बनला पोचा येत नाही."

"मग काय येतं?"

"कार्बन... फुटतो. पण सहजासहजी नाही. आणि कंपनी बदलून देते."

"कंपनी डोंगरात येते का?" मिस्त्रींनी विचारलं. "पोचा आलेला दिसतो. ठोकून घरापर्यंत येता येतं. आपण वाकणारी घेऊ."

बोनसचा निम्मा भाग त्या एका वाक्यानं वाचला. रिम ॲल्युमिनियमची ठरली, आतून तीस मिलिमीटर रुंद, दुहेरी भिंतीची. रुंद अशासाठी की जाड टायर तिच्यावर मांडी घालून बसावा. या टायरात ट्यूब नसते. आत एक दुधासारखा चीक ओततात, तो छोटं भोक स्वतःच बुजवतो. हे ऐकून मिस्त्रींनी पंक्चरच्या पाण्याच्या टोपल्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी विसरणार नाही. वरून या टायरात हवाही कमी ठेवायची, वीस-पंचवीस पौंड. चाळीस वर्षं ज्या माणसानं 'हवा टाइट आहे' हे अंगठ्यानं दाबून लोकांना पटवलं, त्याला हे नवं शास्त्र पचायला एक चहा लागला.

मग हब. पूर्वी हब म्हणजे दोन कोन, वाटी आणि मूठभर छर्रे. आता पुढचा आसच वीस मिलिमीटर जाडीचा, नळासारखा पोकळ. मागच्या हबची रुंदी १४२, १४८, १५० की १५७ मिलिमीटर, यावरून जगातल्या सायकल कंपन्यांनी जेवढी मापं बदलली तेवढी आमच्या वाड्यातल्या भाडेकरूंनीसुद्धा बदलली नव्हती. भाच्याच्या फ्रेमला १५७ लागत होता. त्यातही त्याला एक विशिष्ट हब हवा होता, कारण त्याच्या आतल्या दात्यांना पायडल मारताक्षणी पकड येते. या दात्यांचा फिरताना असा आवाज येतो की जणू गांधीलमाश्यांचं पोळं मागे लागलंय. मिस्त्रींनी तो हब दोन बोटांत धरून फिरवला. समोरच्या घरातल्या आजी गॅलरीत आल्या. "घंटीचे पैसे वाचले," मिस्त्री म्हणाले.

इथपर्यंत सगळं पुरुषमंडळींत चाललं होतं. आऱ्यांच्या संख्येवर आलो आणि ताई दुकानात आली.

ताईला हा खेळ मान्य नव्हता. अमान्यही करता येत नव्हता, कारण पोरगा सव्वीस वर्षांचा, कमावता. आणि "आई, तुझ्याच सायकलवर शिकलो ना मी" हे वाक्य तो योग्य वेळी वापरतो. मागच्या पावसाळ्यात तो मुळशीकडच्या एका उतारावर पडला होता. तयार मिळालेलं स्वस्त चाक होतं. मागचे दोन आरे तुटले, रिम दुमडून आठच्या आकड्यासारखी झाली, आणि त्याचं कॉलरबोन गेलं. चार आठवडे ताईनं त्याचा उजवा हात गळ्यात बांधलेला पाहिला. तेव्हापासून तिनं एकच गोष्ट धरून ठेवली होती. खेळणार असशील तर खेळ, पण चाक मी पाहणार.

"किती तारा?" तिनं विचारलं.

"बत्तीस," भाचा म्हणाला.

"मामाच्या सायकलीला किती आहेत?"

"पुढे बत्तीस, मागे चाळीस," मी म्हणालो. खरं होतं ते. आपल्या काळ्या सायकलीचा हिशेब तसाच असतो.

"मग त्या सायकलीवर मंडईतून बटाटे येतात तर चाळीस, आणि माझा मुलगा डोंगरावरून येतो तर बत्तीस? मिस्त्री, चाळीस घाला."

कोथिंबिरीची जुडी वाढवून मागावी तसे ताईनं आठ आरे वाढवून मागितले. भाच्यानं समजावलं की आरे रिमच्या आणि हबच्या भोकांइतकेच बसतात; या जातीच्या रिमा बहुधा बत्तीस भोकांच्याच येतात, छत्तीसची शोधावी लागते आणि चाळीसचं नाव काढलं तर दुकानदार फोन ठेवतो. ताई छत्तीसवर आली. तिथून हटेना.

तेव्हा मिस्त्रींनी स्टूल पुढे केलं. बोलण्याआधी त्यांनी स्टूल पुढे केलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. म्हणाले, "ताई, बैलगाडीचं चाक आऱ्यांवर उभं असतं. लाकडाचा आरा भार पेलतो. सायकलीची तार भार पेलत नाही. तारेला उभं करा बरं, दुमडते. ती फक्त ओढते. सगळ्या तारा मिळून रिमला आतल्या बाजूला ओढून धरतात, सारख्या. रिम ताठ असली तर तारा कमी लागतात. साहेबांच्या सायकलीची रिम साध्या पत्र्याची आहे, म्हणून चाळीस. ही पेटीसारखी आहे. हिला बत्तीस पुरे."

मिस्त्रींनी सर जॉर्ज केली या इंग्रजाचं नाव ऐकलेलं नव्हतं. या केलीनं १८०८ साली उडत्या यंत्रासाठी हलकं चाक हवं म्हणून हीच कल्पना वहीत काढून ठेवली होती. चाक वरच्या तारांना टांगलेलं असतं की खालच्या तारांवर उभं असतं, यावर अभियंत्यांत आजही तोंडातोंडी होते. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या गृहस्थांनी १९८१ साली चाकावर आख्खं पुस्तक लिहून असं दाखवलं की भार पडला की खालच्या तीनचार तारांचा ताण कमी होतो, बाकीच्यांना जवळजवळ पत्ताच लागत नाही. एकत्र कुटुंबात कर्ज फेडणारा एकटा असतो, तसंच हे. म्हणून ताण आधीच भरपूर हवा. खालच्या तारा अगदी सैल पडल्या की चाक गेलं. चांगल्या चाकात एकेक तार शंभर-सव्वाशे किलोनं ओढलेली असते. बत्तीस तारा, म्हणजे तीन टनांच्या वर ओढ, आणि रिमचं वजन अर्ध्या किलोच्या थोडं पुढे-मागे. आमच्या ऑफिसात एवढ्या ताणाला संप म्हणत.

"मोडणार नाही ना पण?" ताईनं विचारलं.

मिस्त्रींनी हात पुसले. "ताई, मोडणारच नाही असं चाक कुणाला बांधता येत नाही. मोडायच्या आधी आवाज करील असं बांधतो. तार सैल पडली की टिंग वाजते. पोराला ऐकायला शिकवतो."

ताई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बत्तीस घाला."

आरे दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर आणि मध्ये बारीक, असे आले. मधला भाग थोडा ताणतो, त्यामुळे धक्का वाकाच्या ठिकाणी बसत नाही, आणि तार नेहमी तुटते ती वाकाशीच. निपल पितळेचे की ॲल्युमिनियमचे, यावर भाच्यानं वजनाचा मुद्दा काढला. दोन्ही चाकांचे मिळून फरक पडत होता पन्नास ग्रॅमच्या आत. म्हणजे एक बटाटेवडासुद्धा नाही. पितळेचे घेतले, ते गंजून अडकत नाहीत आणि पाना लावला तर कडा झिजत नाहीत.

मिस्त्रींनी दोन संध्याकाळी लावून चाकं बांधली. प्रत्येक तार तीन तारांना ओलांडून जाते. डिस्क ब्रेक हबवर असल्यामुळे ब्रेकचा सगळा पीळ तारांमधूनच रिमपर्यंत जातो, आणि तारा सरळ केंद्रातून निघाल्या तर त्यांना तो पीळ घेता येत नाही. तारा ओवताना मिस्त्री मोठ्यानं मोजत नव्हते, पण ओठ हलत होते. शेवटी ते एकेक तार नखानं छेडत गेले. सवाईत तंबोरे लावताना जशी शांतता पडते तशी जिन्याखाली पडली. भाच्यानं ताण मोजायचं यंत्र आणलं होतं; त्यानं ते हळूच, मास्तरांच्या चुका काढणाऱ्या विद्यार्थ्यासारखं लावलं. बत्तीसच्या बत्तीस तारा जवळजवळ सारख्या भरल्या. मी मिस्त्रींकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. पण सगळ्या सारख्या भरल्या त्या ऐंशीवर. हव्या होत्या एकशेदहाला.

मिस्त्रींनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं. पत्र्याच्या रिमांना ऐंशीच्या वर ओढलं तर रिमच वाकडी होते. चाळीस वर्षांच्या कानाला तोच सूर खरा वाटत होता. "म्हणजे काळी पाच म्हणता तुम्ही," असं काहीसं पुटपुटत त्यांनी पुन्हा पाना उचलला आणि पाव पाव आटा करत चाक वर नेलं. रात्रीचे साडेनऊ झाले. भाचा आकडा सांगत होता, मिस्त्री सूर सांगत होते, आणि एकशेदहाला दोघांचं जमलं. मग त्यांनी समोरासमोरच्या तारा मुठीत धरून जोरानं दाबल्या, म्हणजे तारांतली जी काय आडमुठी असेल ती दुकानातच निघून जावी. दोनचार ठिकाणी टिंग टिंग झालं. "हे आत्ता वाजलेलं बरं," मिस्त्री म्हणाले.

मजुरी घेईनात. "पहिल्यांदा उतरून ये. परत आऊट बघतो. पैसे तेव्हा."

मुळशीकडे त्याच्या मित्राच्या वावरामागे जो उतार आहे, त्याच्या पायथ्याशी मी आणि ताई थर्मास घेऊन उभे होतो. ऑक्टोबरचं ऊन होतं, गवत अजून हिरवं होतं. आधी आला गांधीलमाश्यांचा आवाज, मग एक धूळ, आणि धुळीतून भाचा. मी त्याच्याकडे बघत होतो. ताई मान तिरकी करून, डोळे मिटून उभी होती. तो थांबला, हेल्मेट काढलं, आणि काही बोलणार तोच ताई म्हणाली, "थांब. चाक फिरव जरा."

त्यानं मागचं चाक उचलून फिरवलं. पोळं वाजलं. बाकी काही वाजलं नाही. मग तिनं त्याला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी खडू धरला तर पुढच्या चाकाला तो कुठेच लागला नाही. मागच्याला एका जागी निसटता लागला. तिथे त्यांनी पाव आटा दिला. ताईनं पर्समधून पैसे काढले, मोजले आणि वर छताला टांगलेल्या कॅरिअरांकडे बोट केलं.

"यातलं एखादं बसेल का हो याला?"

"बसवतो की," मिस्त्री म्हणाले. "घंटीपण बसवू का?"

भाच्यानं माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी माझ्या सायकलीत स्वतः हवा मारत होतो.